बॉयलरवाल्याच्या घरचा वाडगा

पुंजारामची मिशी अजून काळीभोर आहे आणि ती आपोआप तशी राहते असं तो सांगतो. मी त्याच्या समोरच्याच ब्लॉकमध्ये राहतो. अधूनमधून एखाद्या रविवारी तो दाराला आतून कडी लावून, बनियनवर जुना टॉवेल पांघरून कशासाठी बसतो, ते मला माहीत आहे. पण मी कुणाला सांगत नाही. आता तुम्हाला सांगितलं तेवढंच.

मी मूळचा शिरगावचा. वाडी धाकट्या भावावर सोपवली आणि मुलाकडे बोईसरला राहायला आलो. वाडीत कुठल्या माडावर कोण चढतंय इकडे डोळा ठेवायची सवय लागलेली. इथे माड नाहीत, तेव्हा शेजाऱ्यांवर ठेवतो. आणि शेजारी म्हणाल तर पुंजारामसारखा मिळायला नशीब लागतं.

हा वैजापूरकडचा माणूस. तरुणपणी तारापूर एमआयडीसीत रंगाच्या एका कारखान्यात बॉयलरवर लागला आणि बॉयलरवरूनच निवृत्त झाला. बॉयलरवाल्याला बॉयलर सोडून हलता येत नाही. जेवायला जायचं तर बदली माणूस येऊन उभा राहायला हवा, आणि तो बदली माणूस स्वतःच उपाशी असतो. पळत कॅन्टीनला जावं तर तिथे बाकं कमी, माणसं जास्त. बसलेल्याच्या पाठीशी पुढचा माणूस ताट घेऊन उभा. त्याच्या आमटीची वाफ आपल्या मानेवर. असं वर्षानुवर्षं जेवलेला माणूस पुढे जेवत नाही, भट्टीत कोळसा लोटावा तसं लोटतो. शेवटचा घास गालात असतानाच उठतो, आपलं ताट उचलतो आणि जाता जाता शेजारचंही उचलतो. कॅन्टीनची तशी रीतच होती. जागा लवकर मोकळी करील तो चांगला कामगार.

निवृत्तीनंतर पाठीशी कुणी उभं राहिलं नाही, पण पुंजारामची मान गरमच राहिली. माझ्या नातीच्या बारशाला तो पंगतीत बसला होता. वाढपी वरणभात वाढत पंगतीच्या टोकाला गेला आणि मठ्ठा घेऊन परत फिरला, तोवर ह्याचं पान रिकामं आणि जागाही रिकामी. माझ्या सुनेला वाटलं, मानपानावरून रुसला. बिचारी त्याला शोधत जिन्यात गेली, तर हा खाली रिक्षावाल्यांशी गप्पा मारत बडीशेप चघळतोय.

त्याची बायको सोजराबाई. हिचं आयुष्य या माणसाला वाढण्यात गेलं. "आवो, हळू जेवा की!" हे वाक्य समोरून ऐकू आलं की आमच्या घरात घड्याळाकडे बघावं लागत नसे. दुपारचे बारा.

आता कुत्र्याकडे येतो.

पुंजारामचा मुलगा दिग्विजय पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. सून मोनालीही तिथेच. त्या दोघांनी बीगल जातीचं कुत्रं पाळलं आणि त्याचं नाव ठेवलं वेफर. कान लांब, अंगावर तपकिरी ठिगळं आणि डोळे असे, की आत्ताच कुणीतरी गेल्याची बातमी ऐकून आलंय. पुण्यात त्यांनी घर बदललं. नव्या घरमालकाला कुत्रं चालेना. तेव्हा वेफर थोड्या दिवसांसाठी म्हणून बोईसरला आला आणि सोजराबाईने पहिल्याच दिवशी त्याचा वेफऱ्या केला.

"आपल्याला न्हाई ब्वा कुत्र्याचं कौतुक," पुंजाराम बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगायचा. "पोराचं हाय म्हणून ठिवलंय." आणि हे सांगताना दोरी त्याच्या हातात असायची. सकाळी दोरी, संध्याकाळी दोरी. पूर्वी तो गॅलरीत बसून एमआयडीसीच्या चिमण्या न्याहाळायचा आणि धुराच्या रंगावरून कुणाचा बॉयलर नीट जळत नाही ते मला सांगायचा. ऐकणारा मी एकटा, आणि खरं तर मीही ऐकत नव्हतो. वेफर ऐकायला लागला. कठड्याच्या गजांतून नाक बाहेर काढून तो धुराकडे बघायचा आणि हा त्याला समजावायचा, "ते बघ, काळा सोडतोय. हवा कमी पडली त्याला." अशा माणसाने कुत्रं आवडत नाही म्हणावं आणि मी ते ऐकून घ्यावं!

पण वेफरला ॲलर्जी होती. कान लाल, पंजे चाटून चाटून ओले, पोट खाजवून खाजवून उघडं. बोईसरच्या डॉक्टर चारुता यांनी तपासलं आणि चिकन बंद, गहू बंद असं सांगितलं. भात, भोपळा आणि काटे काढलेली उकडलेली मासळी तेवढी चालू.

सोजराबाईच्या गळ्यात तुळशीची माळ. समुद्राच्या इतक्या जवळ राहून या बाईने कधी मासळीला बोट लावलं नव्हतं. आता तारापूरची जयवंती पाटी घेऊन आली की ही जिन्यात तिची वाट बघत उभी.

जयवंतीने पाटी उतरवली आणि कमरेवर हात ठेवले. "काय गो बाय, आज माझ्या पाटीत बघतेस? जल्मात नाय बघितलंस ती!"

"माह्यासाठी न्हाई गं. कुत्र्यासाठी."

"अग्गो! कुत्र्याला ताजे बोंबील न् घोवाला बटाटा?" जयवंती पुंजारामकडे वळली. "मामा, तुमी पन जरा भुंका. काय ताटात पडला तर पडला!"

गॅलरीत वेगळी शेगडी मांडली गेली, वेगळं पातेलं आलं. नाकाला पदर लावून सोजराबाई बोंबील उकडू लागली. खाज कमी झाली. मग दुसरंच सुरू झालं. वेफर बकाबका गिळायचा आणि थोड्या वेळाने सगळं जसंच्या तसं फरशीवर. एकही शीत मोडलेलं नाही. तांदळाचा दर्जा तपासायचा असेल तर तपासून घ्या.

डॉक्टर चारुता म्हणाल्या, "हा चावतच नाहीये. स्लो फीडर घ्या, आतमध्ये उंचवटे आणि वळणं असलेला वाडगा. त्यातून जिभेने थोडं थोडं काढून खावं लागतं. मात्र याला ॲलर्जी आहे, तेव्हा भांडं बघून निवडा. आणि जेवण झालं की लगेच धुवा. फटीत शिळं राहिलं तर परत खाज सुटेल."

बाकीची वाक्यं पुंजारामने नुसती ऐकली; 'लगेच धुवा' एवढं मात्र त्याने बॉयलरवरच्या सूचनेसारखं डोक्यात कोरून घेतलं.

त्याच रात्री मोनालीचा व्हिडिओ कॉल आला. बोलणं आमच्या दारापर्यंत स्पष्ट येत होतं; दार मी उघडंच ठेवलं होतं.

"बाबा, त्याच्या उलट्या थांबल्या नाहीत ना, तर मी दिवाळीला येईन तेव्हा त्याला घेऊन जाणार. मुळशीला चांगलं डॉग हॉस्टेल आहे. ट्रेनिंग घेतलेले लोक असतात तिथे. मी बोलून ठेवलंय."

"ने की," पुंजाराम म्हणाला. "आपल्याला काय!"

मग तो गॅलरीत येऊन बसला. समोरची एक चिमणी भकाभका काळं ओकत होती. त्याने तिच्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तेव्हा मी ओळखलं, माणूस घाबरलाय.

दुसऱ्या दिवसापासून वाडग्यांची वरात सुरू झाली. पहिला ऑनलाइन मागवलेला निळा प्लॅस्टिकचा, आत गोगलगाईसारखी वळणं. चार दिवसांत वेफरच्या हनुवटीवर पुरळ आलं. प्लॅस्टिक बाद. मग सिलिकॉनची चटई आली, तिच्या खाचांत अन्न भरायचं. वेफरने अन्न खाल्लं आणि कोपऱ्यापासून चटईही खायला घेतली. पालघरला जाऊन पुंजारामने चिनीमातीचा वाडगा आणला. पांढराशुभ्र, जड, दिसायला देखणा. तो सोजराबाईने कुत्र्यापर्यंत पोचूच दिला नाही. "असल्या चांगल्या भांड्यात बोंबील? अजिबात न्हाई." तिने त्यात दही लावलं. आठवडाभर त्यांच्याकडे चक्रव्यूहाच्या आकाराचं दही होतं. मी वाटीभर खाल्लंय. आत जाता येत होतं, बाहेर यायला त्रास झाला.

बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एरवी टँकर कधी येणार याखेरीज चर्चा नसते. आता जो तो वाडगातज्ज्ञ झाला. उत्कर्षा म्हणून पहिल्या मजल्यावर राहते, बिल्डिंगची सेक्रेटरी. रिकामा जिना तिला बघवत नाही, तिथेही ती मीटिंग घेते. तिने सुचवलं, ताटात किनाऱ्यावरचा मोठा गोटा ठेवा. माझ्या बायकोने आमचं अप्पेपात्र देऊ केलं. ते तिच्या नणंदेने दिलेलं असल्यामुळे परत नाही आलं तरी चालणार होतं.

पुंजारामने सगळ्यांचं ऐकलं आणि मिशीवरून बोट फिरवलं. "बाजारात मिळणारं समदं लेचंपेचं. हे काम स्टीलचंच."

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्याने नकाशा काढला. बॉयलरमध्ये गरम धूर सरळ पळून जाऊ नये म्हणून आडव्या पट्ट्या बसवतात, म्हणजे त्याला वळसे घेत जावं लागतं. पुंजाराम म्हणाला, धुराला जमतं ते भाताला का जमू नये? एमआयडीसीत सुजित म्हणून त्याचा जुना दोस्त आहे, त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. तिथे जाड स्टीलचा वाडगा तयार झाला. आत उभ्या पट्ट्या, कडा घासून गुळगुळीत, वेल्डिंग पॉलिश केलेलं. मीही गेलो होतो बघायला. दोघांनी त्यात काठोकाठ पाणी भरलं आणि कुठून पाझरतंय का ते बघत गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभे राहिले.

"प्रेशर किती देणार?" मी विचारलं. "फुटलं तर आजूबाजूची गावं रिकामी करायची का?"

कुणी हसलं नाही. उलट सुजितने दोन वाडगे केलेले निघाले.

"दुसरा कशाला?"

"स्पेअर," पुंजाराम म्हणाला. बॉयलरवाल्याच्या घरी प्रत्येक गोष्टीचा एक स्पेअर असतो. बायकोचा नाही, तो सोजराबाईने ठेवू दिला नसता. दुसरा वाडगा कोरा करकरीत सैपाकघरातल्या खिळ्याला टांगून ठेवला.

वाडग्यात खोट काढायला जागा नव्हती. पुरळ नाही, गंज नाही, उलटायचा म्हटला तर दोन कुत्री लागली असती. पण उलट्या थांबेनात. वेफर पट्ट्यांमध्ये जीभ घालून जिवाच्या आकांताने चाटायचा, नाकाने भांडं फरशीवरून ढकलत न्यायचा; खालच्या मजल्यावरच्यांना वाटायचं, वर कुणी कपाट सरकवतंय. आणि उलटी व्हायचीच. वर तो दिवसेंदिवस वाळायला लागला. पुंजाराम म्हणायचा, पट्ट्यांमधलं अंतर चुकलं. मग सुजितकडे जाऊन पट्टी इकडे, पट्टी तिकडे. दिवाळी जवळ येत चालली होती. संध्याकाळी फिरताना दोरी आता जरा आखूड धरली जायची.

धनत्रयोदशीला दुपारी पुण्याची गाडी आली. मागच्या सीटवर कुत्र्याचा मोठा पिंजरा होता. तो मी वरूनच पाहिला आणि लगेच फराळाचं ताट घेऊन समोर गेलो. बसा म्हणायच्या आत बसलो.

सोजराबाईने पानं वाढली. पुंजाराम आणि दिग्विजय शेजारी शेजारी पाटावर बसले, दोघांच्या मध्ये वेफरचा वाडगा. त्यांच्या समोर मोनालीने स्वतःचं ताट वाढून घेतलं. "बघ आता, पोरी," पुंजाराम म्हणाला. "काल परत पट्टी हलवलीय."

आणि सुरू झालं. तीन माना खाली गेल्या. बाप, लेक आणि कुत्रं. कोण कुणाच्या पुढे ते डोळे मिटून ऐकलं असतं तर सांगता आलं नसतं. मोनालीच्या पोळीवर तूप अजून पसरतच होतं आणि सोजराबाई स्वतःसाठी वाढून घ्यायला नुकती टेकत होती, तोच पुंजाराम उभा राहिला. एका हाताने आपलं ताट उचललं, दुसऱ्या हाताने वाडगा. 'लगेच धुवा'! वाडग्यात पट्ट्यांच्या कोपऱ्यांत अर्धा भात तसाच होता. वेफर मान ताणून वर जाणाऱ्या वाडग्यातून शेवटचे घास हिसकत गेला. पाठोपाठ दिग्विजय उठला. त्यानेही आपलं ताट उचललं आणि समोरचं मोनालीचंही.

"अरे! माझी पोळी!" मोनाली ओरडली. "तिकडे रोज हेच, इथेही हेच?"

त्याच वेळी दाराजवळ वेफरने आवाज काढला. बोंबीलभात फरशीवर.

मोनालीने डोळे मिटून घेतले. "झालं. बाबा, मी आजच नेते त्याला. त्याची अवस्था बघा."

मला वाटलं, आता पुंजाराम 'ने की' म्हणणार. तो पाठमोरा नळाशी उभा होता. नळ वाहत होता, हातातला वाडगा केव्हाच स्वच्छ झाला होता आणि तो धुतच होता. "अजून जरा पट्टी सरकवली असती…" एवढं म्हणाला.

"पट्टीला लावा काडी!" सोजराबाई म्हणाली.

माझ्या तोंडात लाडू होता. मी चावायचा थांबलो. एक शब्द निसटायला नको.

"कुत्र्याला येडं ठरवू नका. ह्या घरात जेवाया बसलं की समोरचं ताट कवा उचललं जाईल सांगता येत न्हाई. त्या मुक्या जिवाला कळलं ते तुमाला कळंना. तुमी उठायच्या आत खाल्लं ते आपलं, म्हणून गिळतंय ते. माझं ताट असंच कितींदा गेलं. मी आपली मागून परत वाढून घेते, एकटीच बसून खाते. त्याला कोण परत वाढंल?"

"डॉक्टरीणबाईनंच सांगितलंय, लगेच धुवा म्हणून," पुंजाराम म्हणाला.

"त्याचं झाल्यावर लगेच! तुमचं झाल्यावर न्हाई."

नळ बंद झाला.

मोनालीने विचारलं, "आई, मग हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. रोज दुपारी सांगते, हळू जेवा म्हणून. विचार सावेकाकांला, त्यांला समोर ऐकू जातं."

"जातं," मी म्हणालो.

"मानसासाठी कोण ऐकतंय, बाई? कुत्र्याला उलट्या झाल्या तवा डॉक्टर आली, फोन आले, वाडगे आले." असं म्हणत तिने खिळ्याला टांगलेला स्पेअर वाडगा काढला, पदराने पुसला, त्यात भात वाढला, वर आमटी ओतली आणि पाटासमोर ठेवला. "बसा."

"अगं, माझं जेवण झालंय."

"झालं न्हाई, संपलं. बसा."

पुंजाराम बसला. सुनेसमोर, लेकासमोर आणि, हे विशेष, माझ्यासमोर बसला. वेफरच्या पुढे सोजराबाईने साध्या ताटलीत थोडा भात ठेवला. दोघांनी एकदमच सुरुवात केली. पण पुंजारामचा घास होईना. हात घालावा तर मध्ये पट्टी. आमटी एका गल्लीत, भात दुसऱ्या गल्लीत. बोटं वळवून, शितं गोळा करून घास करावा लागत होता आणि एवढ्या कष्टाने केलेला घास तसाच गिळणं त्याच्याही जिवावर आलं. वेफरने घाईघाईत तोंड भरलं आणि मान वर केली. म्हातारा बसलेलाच. परत तोंड घातलं, परत वर बघितलं. बसलेलाच! मग त्याने कान खाली सोडले आणि चावायला लागला. वेफर चावतो कसा, हे आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. जरा तिरकं चावतो.

पुंजारामही एकेक घास चावत राहिला.

"आमटीत काय घातलंस आज?" पुंजारामने विचारलं.

"येसर मसाला. वैजापूरवरून आणते तोच."

"कवापासून?"

"लग्न झाल्यापासून."

"बरा लागतोय," पुंजाराम म्हणाला.

सोजराबाई आमच्याकडे पाठ करून ओट्यावरची झाकणं सारखी करत राहिली. झाकणं सारखीच होती.

संध्याकाळपर्यंत मोनाली वेफरवर नजर ठेवून बसली. फरशी कोरडी राहिली. भाऊबीजेपर्यंत ती थांबली. रोज दोन्ही वेळा पुंजारामला त्या वाडग्यातच वाढलं गेलं आणि वेफरचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही असं ठरलं. फरशी कोरडीच. मग गाडी पुण्याला निघाली तेव्हा पिंजऱ्यात माझ्या वाडीचे नारळ भरले होते. निळा प्लॅस्टिकचा वाडगा मोनालीने मागून घेतला, दिग्विजयसाठी. त्याला प्लॅस्टिकची ॲलर्जी नाही, ते तिने निघताना सगळ्यांसमोर विचारून घेतलं.

हल्ली आमच्याकडे बारा वाजलेले कळत नाहीत, घड्याळ बघावं लागतं. पुंजाराम जेवून गॅलरीत येतो तो वेफरला घेऊन, उशिरा, मिशीला आमटी लागलेली. परवा मी मुद्दाम वाडग्याचा विषय काढला.

"डिझाइन बरोबरच होतं, सावेकाका," तो वेफरच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला. "बसवलं तेवढं चुकीच्या ठिकाणी."